रविवारची सुट्टी आणि मँचेस्टरचा कळवळा: मुंबईच्या गिरण्यांतले एक प्रकरण (१८७४ ते १८९१)

१८७५ च्या सुमारास मुंबईतल्या गिरणीत सात-आठ वर्षांचे पोर दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उभे असे. उन्हाळ्यात ते तेरा तासांच्या आसपास भरत, हिवाळ्यात अकराच्या. मध्ये अर्ध्या तासाची सुटी मिळे. रविवारी पुष्कळ ठिकाणी त्यालाच यंत्रे पुसायला बोलावत. या पोराचे काम कमी व्हावे अशी मागणी सर्वांत मोठ्याने झाली ती मुंबईत नाही, तर इंग्लंडात, मँचेस्टरमध्ये. ती करणारे लोक होते मुंबईच्या कापडाचे धंद्यातले प्रतिस्पर्धी.

या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे: मागणी रास्त, पण ती पुढे रेटणाऱ्याचा हेतू वेगळा. अशा वेळी ज्यांच्या अंगावर तो भार आहे त्यांनी काय करावे आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी काय करावे? ज्यांची नावे सार्वजनिक इतिहासाचा भाग आहेत ती इथे दिली आहेत. गिरण्यांची आणि मालकांची नावे मुद्दाम टाळली आहेत, कारण प्रश्न एका गिरणीचा नव्हता.

पार्श्वभूमी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापड गिरणी काढण्याचा उद्योग सुरू केला आणि दोन वर्षांत ती चालू झाली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा वाहिला, १८६५ मध्ये बाजार कोसळला. त्यातून जे भांडवल शिल्लक राहिले ते हळूहळू गिरण्यांकडे वळले. यंत्रे लँकेशायरमधूनच, म्हणजे मँचेस्टरच्या परगण्यातूनच, येत. ती चालवायला शिकवणारे मॅनेजर आणि मास्तरही पुष्कळदा तिथलेच असत. म्हणजे लँकेशायरचा एक हात मुंबईला यंत्रे विकत होता आणि दुसरा मुंबईच्या सुताची वाट अडवू पाहत होता. ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे ‘साम्राज्य’ नावाची एकच एक मूठ होती असा समज होत नाही.

गिरणीत राबणारी माणसे रत्नागिरीची, साताऱ्याची, पुणे जिल्ह्याची. जॉबर त्यांना कामावर घेई, तोच काढी, अडीनडीला तोच पैसे देई. पगार महिना उलटून गेल्यावर, कधी त्याहूनही उशिरा हाती पडे. तोवर वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे व्याज. खाडा झाला की दंड. गिरणगावात कामाच्या तासांइतकीच जीवघेणी गोष्ट होती ती ही तुंबलेल्या पगाराची, आणि ती लंडनच्या एकाही भाषणात आली नाही.

इकडे ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरण्यांत घ्यायला बंदी झाली होती, १८४७ मध्ये बायकांसाठी आणि मुलांसाठी दहा तासांची मर्यादा आली होती, आणि १८७४ च्या कायद्याने तिथल्या कापड गिरण्यांचा आठवडा साडेछप्पन तासांवर आला. या सुधारणा तिथल्या मजुरांनी आणि काही कळकळीच्या माणसांनी चाळीस वर्षे झगडून मिळवल्या होत्या. त्या फुकट मिळालेल्या नव्हत्या, आणि म्हणूनच तिथल्या मालकांना त्या जड वाटत. मग त्यांनी हिशेब मांडला: आमचे मजूर साडेछप्पन तास, मुंबईचे ऐंशीच्या घरात, ही स्पर्धा कसली?

अडचण कुठे होती

मँचेस्टरच्या मागण्या दोन होत्या आणि त्या जोडीने आल्या. एक, हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरची ५ टक्के आणि सुतावरची साडेतीन टक्के जकात काढा. दोन, हिंदुस्थानातल्या गिरण्यांना कारखाना कायदा लावा. पहिल्या मागणीत माणुसकीचा लवलेश नव्हता. दुसरीत होता, पण ती पहिलीच्या गाडीला बांधलेली होती. जकातीवरून व्हाइसरॉय नॉर्थब्रुक आणि भारतमंत्री सॉल्सबरी यांच्यात खटके उडाले. १८७९ मध्ये पुढचा व्हाइसरॉय लिटन याने आपल्या कार्यकारी मंडळातल्या बहुमताचा विरोध डावलून जाड्याभरड्या कापडावरची जकात काढली, आणि १८८२ मध्ये उरलेलीही गेली. दुष्काळाने पिचलेल्या देशाचे उत्पन्न सोडून लँकेशायरला खूश केले गेले, हे मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक वाचणाऱ्या माणसाला दिसत होते.

म्हणून जेव्हा लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी १८७५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हिंदुस्थानातल्या गिरण्यांतल्या मुलांचा प्रश्न काढला, तेव्हा इकडे त्याकडे संशयाने पाहिले गेले. शाफ्ट्सबरी यांच्याविषयी माझे मत स्वच्छ आहे: या माणसाने आयुष्यभर स्वतःच्याच देशातल्या गिरणीमालकांशी आणि खाणमालकांशी मुलांसाठी भांडण केले होते. त्यांना लँकेशायरचा दलाल म्हणणे अन्यायाचे आहे. पण त्यांच्या मागे जे मतदान उभे राहिले त्यात दलाली होती, हेही तितकेच खरे. एकाच ठरावाला दोन वेगळ्या हेतूंनी हात वर होतात. मुंबईतल्या माणसाला त्यातला एकच हात दिसला.

पहिला टप्पा: १८७५ चे आयोग

मुंबई सरकारने १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमले. त्यात मालकवर्गाचे वजन मोठे होते. दिवसभराचे काम, अर्ध्या तासाची सुटी, कोवळ्या वयाची मुले हे सगळे साक्षींतून नोंदले गेले आणि तरीही बहुसंख्य सदस्यांनी कायद्याची गरज नाही असे मत दिले. युक्तिवाद ओळखीचे होते. इथली हवा उष्ण, म्हणून मजूर सावकाश काम करतो. त्याला मध्ये विडी ओढायला, पाणी प्यायला जाता येते. गावी शेतात तो यापेक्षा वाईट स्थितीत होता. धंदा अजून बाळ आहे.

या प्रकरणातला हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडलेला. मालकांना तेव्हा स्वतःहून नियम करता आले असते. आठ वर्षांखालचे पोर घेणार नाही, रविवारी गिरणी बंद ठेवू, पगार ठरल्या तारखेला देऊ, असे तीन नियम आपण होऊन केले असते तर मँचेस्टरच्या हातातला दगडच निघून गेला असता. मालकांनी ‘काहीच नको’ हा पर्याय निवडला. मग कायदा कोणाच्या प्रेरणेने आला याची तक्रार करायला त्यांना फारशी जागा राहिली नाही.

दुसरा टप्पा: सोराबजी बंगाली यांचा मसुदा

मुंबई विधिमंडळाचे सदस्य सोराबजी शापूरजी बंगाली यांना हे कळले होते. पारशी समाजातले हे सुधारक, मुलींच्या शिक्षणासाठी आणि पारशी विवाह कायद्यासाठी झटलेले. मालकांचा पुष्कळ मोठा भाग त्यांच्याच समाजातला. तरी त्यांनी १८७८ मध्ये गिरण्यांतल्या मुलांसाठी आणि मजुरांसाठी कायद्याचा मसुदा तयार केला.

मुंबई सरकारने तो मांडू दिला नाही. आता बंगालींसमोर दोन वाटा होत्या. गप्प बसायचे, किंवा प्रश्न इंग्लंडात न्यायचा. त्यांनी मसुदा वर्तमानपत्रांकडे पाठवला, तिकडच्याही. यावर आजही दोन मते होऊ शकतात. घरचे भांडण परक्याच्या ओसरीवर नेले असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. घरात ज्याचे ऐकायला कोणी तयार नाही त्याने आणखी कुठे जायचे? पण या पाऊलाची किंमत होती: त्या दिवसापासून कारखाना कायदा म्हणजे विलायती कायदा हा शिक्का पक्का झाला, आणि त्याचे मूळ एका मुंबईकराच्या टेबलावर होते ही गोष्ट मागे पडली.

हिंदुस्थान सरकारने १८७९ मध्ये विधेयक आणले आणि मार्च १८८१ मध्ये व्हाइसरॉय रिपनच्या कारकिर्दीत ते मंजूर झाले. वाटेत ते सौम्य होत गेले. शेवटी हाती आले ते असे: सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा, तासाभराची विश्रांती आणि महिन्यात चार सुट्ट्या, धोक्याच्या यंत्रांना कठडे. तेही फक्त यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांना. मोठ्या माणसांविषयी, बायकांविषयी एक अक्षर नाही.

चार महिन्यांच्या अटीने काय झाले ते खानदेशात पाहावे. तिथल्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांचा हंगामच थोडका. कायद्याची कक्षा त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, आणि हंगामात तिथे बाया पहाटेपासून रात्री दहापर्यंत सरकीतून कापूस वेगळा करीत उभ्या असत. मुंबईतही मुलाचे वय कसे ठरवायचे? जन्माची नोंद नाही. डॉक्टर दात पाहून अंदाज करी. एक पोर सकाळी एका गिरणीत, दुपारी दुसऱ्या गिरणीत गेले तर नऊ तास मोजणार कोण?

तिसरा टप्पा: लोखंडे यांचा निर्णय

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कायद्यातल्या त्रुटी पाहण्यासाठी पुन्हा आयोग नेमले. इथवरच्या कथेत बोलणारे सगळे होते: मालक, सरदार, संपादक, अधिकारी. मजूर नव्हता. तो आला नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले, गिरणीत स्टोअरकीपर राहिलेले, जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर यांनी काढलेला ‘दीनबंधू’ १८८० पासून ते मुंबईतून चालवत होते.

त्यांच्यासमोरची पेचाची परिस्थिती अशी. पहिला पर्याय, आयोगापासून दूर राहायचे, कारण कायदा मजबूत झाला तर फायदा लँकेशायरचा होईल. राष्ट्रीय वृत्तपत्रांचा, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांचाही, कारखाना कायद्याला विरोध होता, आणि तो विरोध मूर्खपणाचा नव्हता. ज्या सरकारने जकात काढून देशी धंद्याची ढाल हिरावली तेच सरकार आता मजुराचा कैवार घेते, यावर विश्वास ठेवायचा कसा? दुसरा पर्याय, तिकडून आलेली मागणी जशीच्या तशी उचलायची आणि विलायती पाठिंबा मिळवायचा. तिसरा सर्वांत कष्टाचा: आयोगासमोर जायचे, पण यादी आपली घेऊन.

लोखंड्यांनी तिसरा निवडला. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला मजुरांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज आयोगाकडे गेला. मागण्या पाच. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. काम करताना इजा झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार, आणि जन्माचे अपंगत्व आले तर पोटाची सोय.

ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो. लँकेशायरला हव्या असलेल्या कायद्याशी ती ताडून पाहावी. प्रतिस्पर्ध्याला हवे होते गिरणीचे तास कमी. इथे मोठ्या माणसासाठी दहा तास मागितलेलेच नाहीत. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे उन्हाळ्यात बारा तासांहून जास्त. उलट पगाराची तारीख आणि जखमी मजुराची भरपाई या दोन मागण्या अशा आहेत की त्यांतून मँचेस्टरला एक पैसाही मिळणार नव्हता. त्या फक्त त्यालाच सुचतील ज्याने पंधरवडाभर वाण्याचे तोंड चुकवले आहे, किंवा ज्याच्या शेजारच्या खोलीत बोटे तुटलेला माणूस बसून आहे. कोणाच्या इशाऱ्यावर हे लिहिले, या आरोपाचे उत्तर त्या कागदातच होते. विरोधकांनी तो नीट वाचला असता तर.

रविवारच्या मागणीचेही तसेच. तो साहेबाच्या चर्चचा वार खरा, पण तो खंडोबाचाही वार. घाटावरून आलेल्या मजुराला रविवार परका नव्हता.

१८८४ च्या अर्जाने लगेच काही झाले नाही. लोखंडे थांबले नाहीत. १८८९ मध्ये पुन्हा अर्ज गेला. १८९० च्या मार्चमध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या पुढाकाराने बर्लिनला युरोपातल्या राष्ट्रांची मजुरांविषयी परिषद भरली, ब्रिटननेही तिथे बायका-मुलांच्या कामाविषयी माना डोलावल्या, आणि त्याचा दाब लंडनमार्गे कलकत्त्यावर आला. पण नुसता वरचा दाब पुरला असता असे मला वाटत नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार मजूर जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली. त्या काळात! १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. कायद्याच्या आधी, मालकांच्या स्वतःच्या ठरावाने.

निष्पत्ती

त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना मजूर आयोगावर सोराबजी बंगाली सदस्य होते आणि मुंबईच्या चौकशीत लोखंडे यांनाही सहसदस्य म्हणून घेतले. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ केले, नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तासांची मर्यादा घातली, बायकांना अकरा तास आणि दीड तास विश्रांती, सर्वांना दुपारी अर्धा तास आणि आठवड्याची सुट्टी. कायदा आता पन्नास माणसांच्या कारखान्यांनाही लागू झाला. पाचपैकी दोन मागण्या कायद्यात आल्या. पगाराची तारीख आणि जखमीची भरपाई आली नाही. तास पुरुषांसाठी मोकळेच राहिले.

बायकांच्या तासांबाबत एक भीती तेव्हाही बोलली जात होती: मर्यादा घातली तर मालक बाई घेण्याऐवजी पुरुषच घेईल. ती भीती पोकळ नव्हती. संरक्षण आणि रोजगार यांतली ही ओढाताण त्या कायद्याने सोडवली नाही.

आणि लँकेशायरच्या हेतूचा निकाल? तो १८९६ मध्ये लागला. सरकारला पैशाची चणचण म्हणून १८९४ मध्ये कापडावरची जकात परत आली होती. आता मँचेस्टरच्या समाधानासाठी हिंदुस्थानी गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर बसला. हा कर १९२५ पर्यंत चालला. संशय घेणारे चूक नव्हते. फक्त त्या संशयाची शिक्षा त्यांनी सात वर्षांच्या पोराला दिली.

वेगळे काय करता आले असते

मालकांविषयी वर लिहिलेच आहे.

राष्ट्रीय पुढाऱ्यांना दोन मागण्या एकत्र बांधता आल्या असत्या. मँचेस्टरने जकात आणि कारखाना कायदा एकत्र बांधले होते. तसेच उलट टोकाने म्हणता आले असते: जकात परत आणा, आणि मुलांचे तासही आम्हीच कमी करतो. देशी धंद्याचे रक्षण आणि देशी मजुराचे रक्षण यांत निवड करावी लागते हे त्यांनी फार लवकर मान्य केले. हेतू वाईट म्हणून मागणी वाईट, हा तर्क त्या काळी अनेक थोर डोक्यांना पटला याचे मला आजही वाईट वाटते.

सरकारने शंभर माणसांची आणि चार महिन्यांची अट घातली नसती तर खानदेशातल्या बायांना आणखी वर्षानुवर्षे थांबावे लागले नसते.

लोखंड्यांवर टीका करायला हात धजावत नाही, पण प्रकरण लिहायचे तर ती करायला हवी. त्यांच्या मिल हँड्स असोसिएशनला, म्हणजे गिरणी मजुरांच्या संस्थेला, सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता, नियम नव्हते. अडचणीतला मजूर त्यांच्याकडे येई आणि ते त्याला सल्ला देत, अर्ज लिहून देत. सगळे काम एका माणसाच्या अंगावर. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगने ते गेले आणि संस्था त्यांच्याबरोबर विझली. हजेरीच्या दिवशी एक आणा गोळा करणारे दहा जण प्रत्येक खात्यात तयार झाले असते तर? जॉबरच्या मुठीत असलेल्या त्या माणसांत हे किती कठीण होते याची मला कल्पना आहे. तरी हा प्रश्न टाळता येत नाही, कारण पुढे काय झाले ते समोर आहे.

पुढे विजेचे दिवे आले. लोखंड्यांच्या अर्जातला सूर्यास्त हा एकच अडसर होता, तोही सरला. १९०५ च्या सुमारास मुंबईतल्या कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि त्याला रोखणारे मजुरांचे काही संघटन उरले नव्हते. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने.

त्याच्या तीन वर्षे आधी, २२ जुलै १९०८ रोजी, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरणगावातले मजूर बाहेर पडले. ‘केसरी’ने त्यांच्या तासांच्या कायद्याला विरोध केला होता. तरी वर्षाला एक दिवस या हिशेबाने त्यांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. गोळीबार झाला, माणसे मेली, आणि त्या दिवसांची मजुरी कोणालाच मिळाली नाही.